लोकरीचा हिशेब

सभेत एखादा वक्ता बोलायचा थांबत नसेल तर आपण म्हणतो, याची टकळी सुरू झाली. कचेरीत एखादे प्रकरण वर्षानुवर्षे पडून राहिले की म्हणतो, भिजत घोंगडे पडले आहे. हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी टकळी हातात धरली असेल? भिजलेले घोंगडे किती जड होते आणि वाळायला किती दिवस घेते, हे किती जणांनी पाहिले असेल? वस्तू घरातून गेल्या, शब्द मागे राहिले. याचे मला विशेष दुःख होत नसे. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी तासभर टकळीवर लोकर कातू लागलो, आणि हा प्रश्न मला वैयक्तिक वाटू लागला.

मी राहतो ते महाळुंगे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले. बजाजचा मोटारसायकलींचा कारखाना इथे १९९९ साली सुरू झाला. पुढच्या दहा-बारा वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र असे मोठे कारखाने या पट्ट्यात आले. सकाळी पहिल्या पाळीच्या बसगाड्या कामगारांना घेऊन जाऊ लागतात, तेव्हा मी गॅलरीत टकळी घेऊन बसतो. समोरच्या रस्त्यावरून यंत्रांचे सुटे भाग भरलेले कंटेनर जात असतात, आणि त्यांच्याकडे पाहत मी माणसाच्या सर्वांत जुन्या यंत्रांपैकी एक फिरवत असतो. शेजाऱ्यांना प्रथम वाटले, मी गांधीवादी झालो. मग वाटले, डॉक्टरांनी बोटांचा व्यायाम सांगितला असावा. आता कुणी काही विचारत नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. दिवाळीनंतर पारनेर-संगमनेरकडचे मेंढपाळ घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या आधी परततात. त्यांतला एखादा वाडा आमच्या बाजूने जातो. पूर्वी असे वाडे कापणी झालेल्या शेतात बसत. मेंढ्या रात्रभर बसल्या की शेताला लेंडीखत मिळे आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळत. आता शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांना भिंती आल्या, तेव्हा वाडा रस्त्याकडेच्या एखाद्या मोकळ्या तुकड्यावर बसतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका तुकड्यावर मेंढ्यांची कातरणी चाललेली मी फिरायला गेलो असताना पाहिली. काळ्या-करड्या लोकरीचा ढीग चरात पडला होता. वरून कुणी चहाचे कागदी कप टाकले होते.

मी तिथल्या म्हातारीला विचारले, "मावशी, ही लोकर इथं कशी?"

"मग कुठं ठिवायची सायेब? कातरणाऱ्याला पैसं आपुनच द्यायचं, अन् लोकर कुनी इचारीत न्हाई. पायजे का? न्या की गोनी भरून."

मी गोणी भरून आणली. ती का आणली, हे तेव्हा मला नीट सांगता आले नसते. आज सांगतो, पण त्याआधी कातण्याविषयी थोडे सांगायला हवे.

माझ्या पिढीच्या मराठी शाळांत सूतकताईचा तास असे. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली गेली, तिचे शेवटचे शेपूट आमच्या चौथीच्या वर्गापर्यंत पोचले होते. पितळी चकतीची टकळी, कापसाचे पेळू, आणि गुंता झाला की हातावर पट्टी. त्या बळावर मला वाटले, लोकरही कातता येईल. पहिला महिना त्या अहंकाराची फेड करण्यात गेला.

कातरलेली लोकर म्हणजे सूत व्हायला तयार असलेला माल नव्हे. तिच्यात कुसळे असतात, गोखरू असतात, लेंड्या आणि माती असते. मेंढीच्या अंगचा ओशटपणा बोटांना लागतो. ती कोमट पाण्यात रिठे घालून हलक्या हाताने धुवावी लागते. पाणी फार कढत झाले किंवा फार चोळले, तर लोकरीच्या केसांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि तिचा नमदा होऊन बसतो. माणदेशातल्या कारागिरांनी याच गुणाचा उपयोग करून न विणता, नुसती ओली लोकर थापून आणि दाबून 'जेन' नावाचे जाड अंथरूण तयार केले. माझ्या बादलीत मात्र जेन नको असताना तयार झाले.

धुतलेली लोकर वाळवायची, बोटांनी मोकळी करायची, पिंजायची, मग पेळू वळायचे. टकळीची काडी मांडीवर फिरवून सोडायची आणि ती गिरकी घेत असताना दुसऱ्या हाताने पेळूतून तंतू ओढत राहायचे. सगळे कसब एवढेच, की ओढ आणि पीळ यांचा मेळ राहिला पाहिजे. पीळ कमी पडला की धागा तुटतो आणि टकळी खाली आपटते. पीळ जास्त झाला की धागा स्वतःभोवतीच वेटोळे घालतो. चांगले सूत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ती जागा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळते. मला ती कळायला चार महिने लागले.

पुढच्या वर्षी तोच वाडा परत आला तेव्हा मी माझे सूत घेऊन त्या म्हातारीकडे गेलो. तिने ते चिमटीत धरले, उलटे फिरवून पीळ सोडवला, पुन्हा वळला आणि विचारले, "पेन्शन पुरंना का सायेब तुमाला?"

तिथली सगळी माणसे हसली. मीही हसलो. पण घरी येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला. तिच्या दृष्टीने प्रश्न बरोबरच होता. लोकर कातणे हा तिचा छंद कधीच नव्हता. ते चूल आणि पाणी यांच्यासारखे रोजचे, न संपणारे आणि कुणी न मोजलेले काम होते. तिने मला सांगितले, लग्न होऊन आली तेव्हापासून ती कातत होती. सूत घेणारा माणूस यायचा बंद झाला तेव्हा तीही कातायची बंद झाली. वाईट वाटले का, असे मी विचारले. ती म्हणाली, "हात दुखायचं थांबलं."

हाताने कातलेल्या सुताविषयी भावुक होऊन लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य आधी ऐकावे. १७६० च्या दशकात इंग्लंडात जेम्स हारग्रीव्ह्जने एका चाकावर आठ चात्या फिरवणारी जेनी बनवली. मग १७६९ साली आर्कराइटची पाण्यावर चालणारी चौकट आली, आणि १७७९ साली क्रॉम्प्टनचे म्यूल. त्याआधी जगातला जवळजवळ प्रत्येक धागा, राजाच्या शेल्यातला आणि गलबताच्या शिडातलाही, कुणीतरी बोटांनी ओढलेला होता, आणि ती बोटे बहुतेक बायकांची होती. माग एक असला तरी त्याला सूत पुरवायला अनेक हात लागत. कातणे यंत्राकडे गेले यात स्त्रीजातीचा तोटाच झाला असे मी तरी म्हणणार नाही.

हे काम किती जुने आहे, याची साक्ष आमच्या शेजारीच आहे. चाकणहून उत्तरेला मंचरजवळ घोड नदीच्या काठी चांडोली नावाचे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६० साली तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातल्या त्या वस्तीत तांब्याचे मणी मिळाले, आणि त्यांत जवसाच्या धाग्याचा अवशेष शिल्लक होता. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यात कुणीतरी बसून तो धागा वळला होता. हिमाचलातले मेंढपाळ आजही चालता चालता लोकर कातताना दिसतात, आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या बायकाही. मेंढीमागे चालताना पाय गुंतलेले असतात, हात मोकळे असतात. त्या मोकळ्या हातांनी जगभर हेच काम शोधले.

आपल्याकडे या कामाची नीट वाटणी होती. धनगराने मेंढ्या राखायच्या आणि घरातल्यांनी लोकर कातायची. सनगर आणि खुटेकर यांनी खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायची. ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे केसाळ सूत विणताना तुटत नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, अंगाला टोचणारी, तिचा स्वेटर होत नाही. पण लोकरीचा केस आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही हाताला ओला लागत नाही, आणि शोषताना थोडी ऊब सोडतो. म्हणून पावसात घोंगडीची खोळ घेऊन उभा असलेला गुराखी आतून कोरडा आणि गरम राहतो. खंडोबाची तळी घोंगडीवर भरतात. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली 'बनगरवाडी' दिली. म्हणजे देवाने, पंडिताने आणि लेखकाने या माणसांकडे लक्ष दिले. बँकेने दिले का, हे मला ठाऊक आहे, कारण ती बँक म्हणजे मीच होतो.

आता ती गोणी मी का आणली ते सांगतो.

१९८६ च्या सुमारास मी नगर जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या एका शाखेत कर्जप्रकरणे पाहत असे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. उद्दिष्टे वरून येत, अर्ज खालून येत आणि आम्ही मधे सह्या करत असू. वीस मेंढ्या आणि एक नर, असा एक ठरलेला संच असे. अर्जाला जोडलेल्या तक्त्यात उत्पन्नाचे रकाने असत. कोकरांची विक्री, लेंडीखत, आणि लोकर. मेंढीमागे इतकी लोकर, किलोला इतका भाव, गुणिले वीस. बेरीज जुळली की हप्ता ठरत असे. असे तक्ते मी किती भरले याची गणती नाही. लोकरीच्या रकान्यात आकडा लिहिताना ती कोण धुतो, कोण पिंजतो, कोण कातते आणि शेवटी विकत कोण घेतो, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

१९८९ साली वसुलीसाठी एका वाडीवर गेलो होतो. कर्जदार म्हणाला, लोकरीचे पैसे येत नाहीत. ही सबब मला नवी नव्हती. त्याच्या बायकोने आतून सुताचे गुंडे आणून माझ्यापुढे ओतले. काळ्या सुताचे दहा-बारा गुंडे असतील. ती म्हणाली, "हे घ्या हप्त्यात." मी तिला समजावले की बँक सूत घेत नाही. त्या माणसाने पुढच्या बाजारी दोन माद्या विकल्या आणि हप्ता भरला. मी परत येऊन वसुलीच्या नोंदवहीत खूण केली. पुढच्या वर्षी, १९९० साली, सरकारने थकबाकीदारांची दहा हजारांपर्यंतची कर्जे माफ केली. ज्याने मेंढ्या विकून हप्ता भरला होता त्याच्या पदरात त्या माद्या परत आल्या नाहीत. यात कुणी नियम मोडला नव्हता. मी तर नव्हताच.

चरात पडलेली लोकर पाहिली तेव्हा मला तो रकाना आठवला.

आज महाळुंग्याच्या गॅलरीत बसून मी तो रकाना नव्याने भरतो. माझा हिशेब असा. सराव झाल्यावर मी तासाला साधारण वीस ग्रॅम जाड सूत कातू शकतो. दोन किलोच्या घोंगडीला म्हणजे शंभर तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर साडेबारा दिवस. दिवसाला चारशे रुपये मजुरी धरली तर नुसत्या कातण्याचे पाच हजार रुपये. सराईत हात माझ्या दुप्पट वेगाने कातेल, तरी अडीच हजार. यात लोकर धुणे-पिंजणे नाही, विणकराची मजुरी नाही, मेंढपाळाला एक पैसा नाही. पिंजण्याला तर मला कातण्याहून जास्त वेळ लागतो. एक घोंगडी घेताना आपण ज्या किमतीची घासाघीस करतो, ती किमतीपेक्षा कुणाच्या तरी न मोजलेल्या तासांची घासाघीस असते.

या हिशेबापुढे घोंगडी टिकली नाही यात नवल नाही. पानिपतच्या गिरण्यांत जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटे बनू लागली. मग ॲक्रिलिक आले. ते टोचत नाही, रंगीत असते आणि वजनाला हलके. मेंढपाळही शहाणा आहे. लोकरीला दाम नाही आणि मटणाला आहे हे त्याने ओळखले. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी अंगाने मोठी, तिला लोकर जवळपास नाहीच, म्हणून ती लोक पसंत करू लागले. फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली, तिचा उपयोगही मांसासाठीच. मेंढपाळाच्या जगण्याच्या दृष्टीने यात काही चूक नाही. पण अंगावर वर्षाला किलोभराच्या आत लोकर वाढवणारी आणि कोरड्या माळावर तग धरणारी ती काळी दख्खनी मेंढी हळूहळू बाजूला पडत आहे, आणि तिच्या लोकरीशी जुळलेले हातही.

मग माझ्यासारख्या पेन्शनराने रोज तासभर लोकर कातून काय होणार? काहीच होणार नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. वर्षभरात मी तीन-साडेतीन घोंगड्यांना पुरेल एवढे सूत काततो. त्याने ना दख्खनी मेंढी वाचते, ना सनगराचा माग चालतो. तरीही शहरांत हाताने कातण्याची हौस असणारे लोक आता दिसतात, आणि काही जण त्याला 'वारसा जपणे' म्हणतात. या शब्दाशी माझे भांडण आहे. ज्या कामाने एकीचे हात दुखत होते, ते दुसऱ्याने पोट भरल्यावर मजेने करायचे आणि वर वारसा जपल्याचे श्रेयही घ्यायचे, हे मला पटत नाही. छंदाला छंद म्हणावे. मला त्यात आनंद होतो, मन ठिकाणावर येते, बोटे शहाणी होतात. एवढे पुरे आहे.

पण या छंदाचा एक उपयोग मला नक्की कळला आहे, आणि तो सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच. हाताने केलेल्या कामाचा हिशेब हाताला कळतो, तसा कागदाला कळत नाही. शंभर तास हे मी तक्त्यात लिहिले असते तर तो एक आकडा झाला असता. शंभर तास बसून कातल्यावर तो आकडा राहत नाही. १९८६ साली मी एक महिना जरी टकळी फिरवली असती, तरी लोकरीच्या रकान्यात तो आकडा लिहिताना माझा हात थांबला असता. म्हणून माझी एक सूचना आहे, हसण्यावारी नेली तरी चालेल. जो कुणी मेंढपाळांसाठी योजना आखतो, कर्ज मंजूर करतो, त्यांच्यावर अहवाल लिहितो, त्याने आधी एक किलो लोकर स्वतः धुवावी, पिंजावी आणि कातावी. बाकी प्रशिक्षण नंतर.

दुसरी गोष्ट त्याहून व्यवहाराची. काततानाच मला कळले की अडचण कातण्यात कमी आणि त्याआधी जास्त आहे. लोकर धुणे आणि पिंजणे हे कष्टाचे, घाणीचे आणि वेळखाऊ काम आहे, आणि तेच यंत्राने सहज होण्यासारखे आहे. कात्रीपासून पेळूपर्यंतचे काम यंत्राने आणि पेळूपासून पुढचे, ज्याला हवे त्याने आणि रास्त मजुरी मिळत असेल तरच, हाताने, अशी वाटणी करता येईल. राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून पुण्यात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजासाठी खर्च करायला लावला आहे. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या भिंतींना लागून हे वाडे जातात. कातरणीच्या मोसमात वाटेवर लोकर गोळा करून धुणारे-पिंजणारे एखादे केंद्र उभे करणे, ही जिथे मोटारी बनतात तिथे अशक्य गोष्ट नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ साली ठराव करून २०२६ हे कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले. घोषणा करण्यासारखे पुष्कळ आहे. कातरणाऱ्याची मजुरी निघेल इतका भाव लोकरीला मिळाला, तरी घोषणेपेक्षा जास्त होईल.

मी माझ्यापुरते एक ठरवले आहे. आता लोकर फुकट घ्यायची नाही. पहिल्यांदा मी त्या म्हातारीपुढे पैसे धरले तेव्हा ती घेईना. टाकून द्यायच्या मालाचे पैसे घेतले तर लोक काय म्हणतील, अशी तिला लाज वाटली. मी तिला सांगितले, "मावशी, माझ्याकडे एक जुना हिशेब राहिलाय." कसला, ते तिने विचारले नाही. तिने पैसे मोजून कनवटीला लावले आणि पुढच्या वेळी गोणीतली कुसळे निवडून ठेवली.

गेल्या खेपेला मात्र नेहमीच्या तुकड्यावर वाडा नव्हता. त्या प्लॉटला पत्र्याचे कुंपण पडले आहे. चौकशी केल्यावर कळले, वाडा पुढे भामचंद्र डोंगराच्या बाजूला बसला आहे. रिक्षा करून गेलो. म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "आलं का सायेब? यंदा लोकर जरा कमीच हाय." लेकाने काही मेंढ्या विकून माडग्याळ घेतल्या होत्या. मी त्याला दोष दिला नाही. त्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, आणि त्या प्रकरणाला कर्जही मंजूर केले असते.

गोणी अर्धीच भरली. पैसे मी पूर्ण दिले. घरी आल्यावर वहीत तारीख टाकून लोकरीच्या रकान्यात तो आकडा लिहिला, या वेळी खर्चाच्या बाजूला.